डेट्रॉईटच्या गाड्या: निष्ठा कुणाशी ठेवायची आणि दर्जाचं काय?

मृण्मयी_कॅन्टन

नमस्कार मंडळी,

आम्ही मिशिगनमध्ये कॅन्टनला राहतो. नवरा गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत आहे आणि त्या कंपनीचा जवळजवळ सगळा धंदा जीएम, फोर्ड आणि स्टेलँटिस (म्हणजे पूर्वीची क्रायस्लर) या तिघांच्या जिवावर चालतो. आमची आताची गाडी याच तिघांपैकी एकाची. कुणाची ते मुद्दाम लिहीत नाही. थंडी पडली की डॅशबोर्डवरचा स्क्रीन काळा होतो आणि मागचा कॅमेरा दिसत नाही. डीलर सॉफ्टवेअर अपडेट करून देतो, पुढच्या बर्फात पुन्हा तेच. वॉरंटी संपली आणि लगोलग पाण्याचा पंप गेला.

आता तीन रांगांची गाडी घ्यायची आहे, सासूसासरे सहा महिने येऊन राहतात म्हणून. न्यू जर्सीची बहीण म्हणते, टोयोटा नाहीतर होंडा घे आणि विषय संपव. नवरा म्हणतो, आपल्या घरातला तांदूळ या तिघांच्या पैशातून येतो, मग त्यांचीच गाडी नको म्हणायची? शेजारचे आजोबा असेंब्ली लाईनवरून निवृत्त झाले आहेत. फार प्रेमळ माणूस, आमच्या दारातला बर्फ न सांगता काढून देतो. त्यांच्यासमोर परदेशी गाडी आणून उभी करायची या विचारानेच मला कसंतरी होतं.

माझे प्रश्न दोन. गाडी घेताना ही निष्ठा धरावी का? आणि या गाड्यांचा दर्जा खरंच कमी आहे, की एकदा नाव खराब झालं ते झालं?

अनघा_जी

वाचतेय. आमच्याकडेही हाच वाद चालू आहे.

शिकागोचा_बाळ

ताई, नाव उगाच खराब होत नाही. इतिहास बघा.

१९७१ ची जीएमची शेव्हरोलेट व्हेगा. अॅल्युमिनियमचं इंजिन, सिलिंडरला वेगळे लायनर (आतलं लोखंडी अस्तर) नाहीत. जरा तापलं की ब्लॉक वाकायचा आणि गाडी तेल प्यायला लागायची. पुढचे मडगार्ड दोन-तीन हिवाळ्यांत गंजून जाळी व्हायचे. त्याच काळातली फोर्ड पिंटो, मागून धडक बसली की पेट्रोलची टाकी फुटण्याचा धोका. १९७८ मध्ये सुमारे १५ लाख गाड्या परत बोलवाव्या लागल्या. मग जीएमचं ओल्ड्समोबिल डिझेल, १९७८ ते १९८५. डिझेल इंजिनात दाब कितीतरी जास्त असतो, पण कारखान्यातली जुनी यंत्रसामग्री वापरता यावी म्हणून सिलिंडर हेडचे बोल्ट पेट्रोल इंजिनाइतकेच आणि त्याच जागी ठेवले. बोल्ट ताणले जायचे, गॅस्केट जायचं. इंधनातलं पाणी वेगळं करणारा फिल्टरही दिला नव्हता. अमेरिकन माणसाच्या मनातून डिझेल कार उतरली ती तेव्हापासून.

१९६२ च्या सुमारास अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या दर दोन गाड्यांतली एक जीएमची असायची. आज सहांतली एक. लोकांनी निष्ठा सोडली असं नाही, त्यांना सोडायला लावली.

कर्वेरोड_ते_कोलंबस

+१. मोदक घ्या बाळराव.

फ्लिंटकर_काका

मृण्मयी, तुझ्या धाग्यावर लिहिल्याशिवाय राहवेना. मी सत्तरच्या दशकात मुंबईहून इथे आलो आणि सगळी नोकरी मिशिगनमध्ये केली. बाळने लिहिलंय त्यातला एकही शब्द खोटा नाही. पण ही यादी वाचली की लोक लाईनवरच्या माणसाला दोष देऊन मोकळे होतात. त्याबद्दल थोडं.

व्हेगा बनायची ओहायोत लॉर्ड्सटाउनला. इतर कारखान्यांत तासाला साठेक गाड्या निघायच्या तेव्हा तिथली लाईन तासाला १०० गाड्यांसाठी आखली होती. म्हणजे माणसाच्या हाताखालून एक गाडी ३६ सेकंदांत जाणार. तेवढ्यात बोल्ट बसवा, आवळा आणि तपासा. एखादा बोल्ट वाकडा बसला तर लाईन थांबवायची मुभा नाही, गाडी तशीच पुढे. १९७२ मध्ये तिथल्या पोरांनी संप केला. ती आळशी माणसं नव्हती. एवढ्या घाईत चांगलं काम होणार नाही हे ती सांगत होती.

आता दुसरा कारखाना बघ. कॅलिफोर्नियात फ्रीमाँटला जीएमचा कारखाना होता. गैरहजेरी आणि तक्रारी इतक्या, की १९८२ मध्ये तो बंद केला. १९८४ मध्ये टोयोटा आणि जीएमने मिळून तोच कारखाना नुमी या नावाने पुन्हा उघडला. युनियन तीच आणि माणसं बहुतेक तीच, ज्यांना जीएमने वाया गेलेली ठरवलं होतं. फरक एवढाच की प्रत्येकाच्या डोक्यावर एक दोरी आली. काही चुकतंय असं वाटलं की ओढायची, टीम लीडर धावत येणार, दुरुस्त झालं नाही तर लाईन थांबणार. दोनेक वर्षांत तिथून निघणाऱ्या गाड्यांचा दर्जा जपानमधल्या टोयोटाच्या कारखान्याच्या तोडीस आला. हात तेच होते. त्यांना बोलायची परवानगी मिळाली, एवढंच.

तुझ्या शेजारच्या आजोबांना एकदा विचार, लाईन थांबवायची सोय त्यांना होती का. माझी खात्री आहे, दर्जाबद्दल तुझ्यापेक्षा त्यांनाच जास्त खंत असेल.

आणि निष्ठेबद्दल. माझ्या दारात आजवर फक्त अमेरिकन गाड्या उभ्या राहिल्या, आणि मला त्याचं समाधान आहे. या उद्योगाने मला घर दिलं, मुलींची शिक्षणं केली. सत्तरच्या दशकात एकट्या फ्लिंटमध्ये जीएमचे ८० हजाराच्या आसपास लोक होते. आज दहा हजारही नाहीत. रिकाम्या गल्ल्या मी रोज बघतो. पण ही निष्ठा भीतीपोटी धरू नकोस, कारण तिचं दुसरं रूपही मी पाहिलंय. १९८२ च्या जूनमध्ये इथे हायलंड पार्कला व्हिन्सेंट चिन नावाच्या २७ वर्षांच्या मुलाला बेसबॉलच्या बॅटने इतकं मारलं की तो गेला. लग्न तोंडावर होतं त्याचं. मारणारा क्रायस्लरमध्ये सुपरवायझर, सोबत त्याचा सावत्र मुलगा, नोकरी गेलेला. जपानी गाड्यांवरचा राग एका चिनी वंशाच्या मुलावर काढला. शिक्षा काय, तर तीन वर्षं प्रोबेशन (म्हणजे तुरुंग नाही, नुसती देखरेख) आणि तीन हजार डॉलर दंड. त्या उन्हाळ्यात आम्हा भारतीयांनाही संध्याकाळी एकट्याने बाहेर पडायची धास्ती वाटायची. म्हणून सांगतो, कुणी गाडीच्या बिल्ल्यावरून माणसाची परीक्षा करायला लागलं तर तिथे अजिबात मान तुकवायची नाही.

अनघा_जी

काका, व्हिन्सेंट चिनबद्दल माहीत नव्हतं. इतकी वर्षं इथे राहून माहीत नव्हतं याचं वाईट वाटतंय. लिहिलंत ते फार बरं झालं.

शिकागोचा_बाळ

काका, कामगारांबद्दल पूर्ण सहमत. माझा राग वरच्या मजल्यावर आहे. पण विकत घेणाऱ्याला त्याने काय फरक पडतो? चूक लाईनवर झाली काय किंवा बोर्डरूममध्ये, रस्त्यात गाडी बंद पडली की उभं मलाच राहावं लागतं.

टियर_वन

बाळ, फरक पडतो, कारण चूक कुठे होते ते कळलं तर गाडी निवडता येते. मीही सप्लायरकडे आहे, मृण्मयीताईंच्या मिस्टरांसारखाच.

एक उदाहरण देतो. वायरिंगच्या कनेक्टरच्या तोंडाशी रबरी सील असतं, करंगळीच्या नखाएवढं. ते चांगल्या सिलिकॉनचं असेल तर उणे तीस अंशांतही लवचिक राहतं. स्वस्तातलं असेल तर थंडीत आखडतं, बारीक फट पडते, बर्फाचं आणि मिठाचं पाणी आत शिरतं. पिनेवर हिरवट थर चढतो आणि कुठल्यातरी भलत्याच ठिकाणचा स्क्रीन नाहीतर सेन्सर बंद पडतो. डीलरच्या कॉम्प्युटरवर सॉफ्टवेअरचा कोड दिसतो म्हणून तो सॉफ्टवेअर टाकून देतो. ताईंच्या गाडीत हेच झालंय असा माझा दावा नाही, पण थंडीतच होणारा बिघाड असेल तर आधी कनेक्टर उघडून बघायला सांगा.

आता ते सील स्वस्तातलं का आलं? गाडी कंपनीचं खरेदी खातं दरवर्षी भावात ठरावीक टक्के कपात मागतं. वाहन बदललं नाही, भाग बदलला नाही, तरी भाव उतरला पाहिजे. १९९२ मध्ये जीएमच्या खरेदीप्रमुखपदी होसे इग्नासिओ लोपेझ आले. त्यांनी झालेले करार मोडून सप्लायरांना पुन्हा बोली लावायला लावली. त्या एका वर्षात जीएमचे अब्जावधी डॉलर वाचले, पण सप्लायर आणि कंपनीमधला विश्वास तुटला तो आजतागायत नीट जुळलेला नाही. ज्याच्याकडून पिळून घेतलं जातं तो सप्लायर आपला चांगला इंजिनिअर आणि नवी कल्पना दुसऱ्या गिऱ्हाइकाला देतो.

टोयोटाही भाव कमी मागते, कुणी गैरसमज करून घेऊ नये. पण त्यांचा माणूस आमच्या शॉपफ्लोअरवर येऊन उभा राहतो, कुठे वेळ जातोय, कुठे माल फुकट जातोय ते आमच्याबरोबर शोधतो. वाचलेल्या पैशांत दोघांचा वाटा. सप्लायरही तेच आणि कारखानाही तोच असतो कित्येकदा, पण शेजारच्या दोन लाईनवरून दोन दर्जाचा माल निघतो.

मृण्मयी_कॅन्टन

टियर_वन, नवऱ्याला वाचून दाखवलं. तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, अगदी असंच. कनेक्टरचं डीलरला नक्की सांगते.

टियर_वन

आणखी एक सांगायचं राहिलं. भाव कमी करणं हा अर्धा आजार, उरलेला अर्धा म्हणजे वाईट बातमी वर न पोहोचणं.

जीएमच्या शेव्हरोलेट कोबाल्टचं इग्निशन स्विच आठवा. आतली छोटी स्प्रिंग आणि खटका कमजोर होता. किल्लीला जड जुडगा असला किंवा गुडघा लागला तरी किल्ली मागे सरकायची. चालू गाडी बंद. पॉवर स्टिअरिंग गेलं, ब्रेकचा जोर गेला आणि धडकेच्या क्षणी एअरबॅग उघडत नव्हती. जीएमच्या भरपाई निधीने १२४ मृत्यू मान्य केले. यात मला रात्री झोप येऊ न देणारी गोष्ट वेगळीच आहे. २००६ मध्ये तो स्विच गुपचूप सुधारला होता, पण पार्ट नंबर बदलला नाही. आमच्या धंद्यात हे पाप आहे. नंबर तोच राहिल्यामुळे आधीच्या गाड्यांतला आणि नंतरच्या गाड्यांतला स्विच वेगळा आहे हे तपास करणाऱ्यांनाच कळेना. रिकॉल (सदोष गाड्या दुरुस्तीसाठी परत बोलावणं) निघाला २०१४ मध्ये. नंतरच्या चौकशी अहवालात 'जीएम नॉड' नावाची सवय नोंदवली आहे: बैठकीत सगळ्यांनी मान डोलवायची आणि बाहेर पडून कुणीच काही करायचं नाही.

याच्या उलट फोर्डमध्ये २००६ ला बोइंगहून अॅलन मुलाली आले. कंपनी अब्जावधींच्या तोट्याकडे चाललेली आणि साप्ताहिक बैठकीतले सगळे तक्ते हिरवे, म्हणजे सगळं आलबेल. अखेर मार्क फील्ड्सने नव्या गाडीतल्या अडचणीचा तक्ता लाल रंगात आणला. खोलीत सगळ्यांना वाटलं, याची नोकरी गेली. मुलालींनी टाळ्या वाजवल्या. त्यानंतरच्या काळातल्या फोर्डची बरीच कामं खरोखर चांगली झाली.

शिकागोचा_बाळ

त्याच 'चांगल्या' काळात फोकस आणि फिएस्टाचा पॉवरशिफ्ट गिअरबॉक्स आला हेही लिहा. ड्राय क्लच, सिग्नलवरून निघताना गाडी थरथरायची, वेग एकदम पडायचा. कोर्टकज्जे झाले, ऑस्ट्रेलियात २०१८ मध्ये फोर्डला एक कोटी ऑस्ट्रेलियन डॉलर दंड झाला, तोही गिऱ्हाइकांच्या तक्रारी हाताळण्याच्या पद्धतीवरून. आणि २०२५ मध्ये तर कहरच! एका वर्षात सर्वाधिक रिकॉलचा जीएमचा २०१४ चा ७७ चा विक्रम फोर्डने जुलैच्या सुरुवातीलाच मोडला.

टियर_वन

मान्य. पॉवरशिफ्टचं समर्थन कुणी करू नये. रिकॉलच्या आकड्याबद्दल मात्र सावध राहा. त्यातले बरेच सॉफ्टवेअरचे असतात आणि काही जुन्या दुरुस्त्या नीट झाल्या नाहीत म्हणून पुन्हा काढलेले. काय परत बोलावलंय ते बघा. २०२५ च्या एप्रिलमध्ये जीएमने ६.२ लिटर व्ही-८ साठी अमेरिकेत सुमारे सहा लाख ट्रक आणि एसयूव्ही परत बोलावल्या, क्रँकशाफ्ट आणि बेअरिंगच्या दोषामुळे इंजिन चालता चालता बसू शकतं म्हणून. ते मला शंभर सॉफ्टवेअर रिकॉलपेक्षा गंभीर वाटतं. आणि तराजू सारखा धरायचा तर टोयोटाने २०२४ मध्ये लाखभर टुंड्रा आणि लेक्सस परत बोलावल्या, इंजिनात कातकामाचा कचरा राहिला होता. टाकाटा या जपानी सप्लायरच्या सदोष एअरबॅगने तर सगळ्यांनाच धडा दिला, त्यात होंडाच्या गाड्या सर्वांत जास्त.

तळेगावचा_शिलेदार

थोडं अवांतर, पण विषयाला धरून. मी मावळातला, चाकणला नोकरी. आमच्या भागात जीएमचा तळेगावचा प्लांट २००८ ला सुरू झाला तेव्हा गावागावांत केवढा आनंद होता. २०१७ संपता संपता त्यांनी भारतात गाड्या विकणं थांबवलं. फक्त निर्यात चालू ठेवली, तीही डिसेंबर २०२० ला बंद. कामगार नोकऱ्यांसाठी झगडत राहिले. प्लांट पुढे ह्युंदाईकडे गेला. फोर्डनेही सप्टेंबर २०२१ ला भारतातलं उत्पादन आवरतं घेत असल्याचं जाहीर केलं. फोर्डच्या एस्कॉर्ट सुरुवातीला महिंद्राबरोबर नाशिकला बनायच्या, हे नव्या पोरांना ठाऊकही नसेल.

त्या गाड्या मजबूत होत्या, मी अजून म्हणतो. पण ज्यांनी भरवशाने घेतल्या ते पार्टसाठी आणि चांगल्या मेकॅनिकसाठी वणवण फिरले. माणूस कंपनीशी निष्ठा ठेवतो, कंपनी बाजाराशी. मृण्मयीताई, निष्ठा धरायचीच तर तुमच्या शेजारच्या आजोबांशी धरा.

ट्रॉयची_शिल्पा

अगदी मनातलं लिहिलंत, शिलेदार.

इथल्या वास्तवाबद्दल एक मुद्दा, जो बाहेरच्यांना दिसत नाही. डेट्रॉईटच्या आसपास तिन्ही कंपन्यांचे कर्मचारी, त्यांचे नातेवाईक, सप्लायरचे लोक, सगळ्यांना सवलतीचे भाव मिळतात. बहुतेक जण दोन-तीन वर्षांच्या लीजवर (भाडेकरारावर) गाडी घेतात आणि मुदत संपली की नवी. त्यामुळे ज्या माणसांनी ही गाडी आखली, बनवली, मंजूर केली, त्यांच्यातले फार थोडे तिच्याबरोबर एक लाख मैल राहतात. वॉरंटी संपल्यावरचा पंप, गिअरबॉक्स, गंज हे दुसऱ्या-तिसऱ्या मालकाच्या वाट्याला येतं, आणि तो बहुधा कमी पगाराचा माणूस असतो. मला वाटतं दर्जाच्या प्रश्नाचं हे एक मोठं मूळ आहे. मोठ्या साहेबांना सहा वर्षांची जुनी गाडी वापरायची सक्ती केली तर चित्र बदलेल, हे मी मनापासून म्हणते.

ताई, तुम्ही लीजवर घेणार असाल तर खुशाल तिघांपैकी कुणाचीही घ्या, सवलत उत्तम आहे. दहा वर्षं वापरणार असाल तर मात्र इंजिन आणि गिअरबॉक्स बघून घ्या, कंपनी नंतर बघा.

कर्वेरोड_ते_कोलंबस

आमच्या ओहायोत मेरिसव्हिलला होंडा १९८२ पासून गाड्या बनवते. इथली हजारो कुटुंबं तिच्यावर जगतात. मग अकॉर्ड परदेशी आणि कोरियात बनलेली शेव्हरोलेट ट्रॅक्स स्वदेशी, हे गणित मला पटत नाही.

ट्रॉयची_शिल्पा

बरोबर. गाडी कुठे बनली ते बघायला विंडशील्डच्या कोपऱ्यातला सतरा अक्षर-अंकांचा व्हीआयएन (गाडीचा ओळख क्रमांक) वाचा. पहिला आकडा १, ४ किंवा ५ असेल तर अमेरिका, २ कॅनडा, ३ मेक्सिको. जे असेल तर जपान, के कोरिया, एल चीन. फोर्ड मॅव्हरिकचा सुरुवातीचा आकडा ३ आहे, मेक्सिकोत हर्मोसिओला बनते. ब्युइक एन्व्हिजन चीनमधून येते. नव्या गाडीच्या काचेवरच्या स्टिकरवर अमेरिका-कॅनडातल्या भागांचा टक्का आणि इंजिन-गिअरबॉक्स कुठल्या देशाचे तेही छापलेलं असतं, कायद्याने बंधनकारक आहे. कामगारांसाठी काही करायचं असेल तर या ओळी वाचायला हव्यात.

फ्लिंटकर_काका

शिल्पाने फार उपयोगाचं लिहिलं. तरी एक सांगतो. मुख्यालय इथे असलं की डिझाईन, चाचण्या, संशोधन इथे राहतं आणि आपल्यासारख्या इंजिनिअरांच्या नोकऱ्या तिथेच असतात. नुसत्या असेंब्लीवर हिशेब करू नये.

आणि मृण्मयीचा दुसरा प्रश्न, नाव खराब झालं ते झालं का? त्याला नुमीनेच उत्तर दिलंय. तिथे एकाच लाईनवर टोयोटा कोरोला आणि जिओ प्रिझम बनायच्या. आतून सारख्या, बिल्ले वेगळे, प्रिझम जीएम विकायची. लोक कोरोलाला जास्त पैसे मोजायचे आणि काही वर्षांनी विकताना प्रिझमला कमी भाव यायचा. ज्याने डोळे उघडे ठेवून जुनी प्रिझम घेतली त्याला कमी पैशात कोरोला मिळाली. म्हणजे खराब नावाची किंमत असते, आणि ती कधी कधी गिऱ्हाइकाच्या फायद्याची असते.

शिकागोचा_बाळ

काका, हा मुद्दा मात्र मानला. माझ्या मित्राकडे पाँटिअॅक व्हाइब आहे, तीही त्याच कारखान्यातली आणि टोयोटाच्या इंजिनाची. पाँटिअॅक हा जीएमचा ब्रँड २०१० ला बंद झाला, गाडी अजून रोज ऑफिसला जाते.

मृण्मयी_कॅन्टन

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं.

काल संध्याकाळी आजोबांशी बोलले. काका, तुम्ही म्हणालात तसंच. त्यांच्या लाईनवर दोरी नंतरच्या काळात आली, पण ओढली की फोरमन कपाळाला आठ्या घालून यायचा, म्हणून लोक ओढायचे नाहीत. त्यांनी मला सरळ सांगितलं: पहिल्या वर्षाचं मॉडेल घेऊ नकोस, कुणाचंही. नव्या मॉडेलच्या पहिल्या काही महिन्यांत लाईनवर काय चालतं ते मी पाहिलंय. टोयोटा घेतलीस तरी बर्फ काढायला मी येणारच, असंही म्हणाले.

डीलरकडे कनेक्टर उघडायला लावला. मेकॅनिकने पिना दाखवल्या, हिरव्या पडल्या होत्या. साफ करून सील बदललंय, आता थंडीची वाट बघायची.

नव्या गाडीसाठी दोन नावं उरली आहेत. लॅन्सिंगला बनणारी शेव्हरोलेट ट्रॅव्हर्स आणि इंडियानात प्रिन्स्टनला बनणारी टोयोटा ग्रँड हायलँडर. दोन्हींचा व्हीआयएन अमेरिकेचा. आम्ही गाडी दहा वर्षं ठेवतो, त्यामुळे लीज नाही. या इंजिनांचा लाखभर मैलांचा अनुभव कुणाला असेल तर कृपया लिहा, विशेषतः शेव्हरोलेटच्या २.५ टर्बोचा. शनिवारी दोन्ही चालवून बघणार आहोत, तिसऱ्या रांगेत सासऱ्यांना बसवून.

टियर_वन

२.५ टर्बो ट्रॅव्हर्समध्ये २०२४ पासून आहे, लाख मैलांचा अनुभव इतक्यात फार कुणाला नसेल. शनिवारी जाताना दोन्ही गाड्यांचे व्हीआयएन लिहून आणा आणि एनएचटीएसएच्या (अमेरिकेच्या सरकारी वाहन-सुरक्षा खात्याच्या) साइटवर टाकून बघा, दुरुस्ती बाकी असलेले रिकॉल दिसतात. डीलरने 'डिलिव्हरीनंतर करून देऊ' म्हटलं तर तिथेच थांबा, आधी करून घ्या आणि मगच सही करा. आणि इंजिन थंड असतानाच पहिल्यांदा सुरू करायला सांगा. डीलर बरेचदा आधीच गरम करून ठेवतो.